ओल्या लोकरीचा वास

प्रिय ठकू,

पत्र बघून दचकू नकोस. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. मी लिहायला बसले आहे हे बघून तुझे बाबा दुकानात जाताना दारातच थबकले आणि ‘कुणाची तक्रार करते आहेस?’ असं विचारून गेले. फोन असताना पत्र कशाला, असं तुलाही वाटेल. पण फोनवर मी सगळं दोन वाक्यांत गुंडाळते आणि ‘थांब हं, बाबांना देते’ म्हणून मोकळी होते. कागदावर तसं करायला गेलं तर पान कोरं राहतं आणि ते बरं दिसत नाही. तेव्हा पाय वर घेऊन बस, पाठीला उशी घे. तुझं पोट आता एका जागी फार वेळ बसू देत नसेल, तर मधूनच ऊठ, चार पावलं फीर, परत बस. पत्र कुठे पळून जात नाही.

थंडीच्या सुरुवातीला मला ताप आला होता, तेवढं तुला माहीत आहे. ताप आठवड्याभरात गेला, पण जाताना माझं नाक घेऊन गेला. हे तुला माहीत नाही. आधी मलाही कळलं नाही. मी बाबांवरच खेकसले, कॉफी म्हणून गरम पाणी का देता, कॉफी काय सोन्याची आहे का? त्यांनी दुसऱ्या दिवशी ती डांबरासारखी काळी केली. तरी पाणीच. मग कांदा चिरायला घेतला, आणि डोळ्यांतून पाणी आलं, पण वास नाही. डोळ्यांना कांदा कळत होता, नाकाला कळत नव्हता. मी साबण हुंगला, लसूण हुंगला, शेवटी बाबांचे मोजे हुंगले. काही नाही. जसं काही सगळं घर कुणीतरी काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि मी बाहेरून बघत होते.

सर्दी उतरली की येईल, असं म्हणून मी रविवारी नेहमीसारखी केक करायला बसले. तुला माझं भाजणं ठाऊक आहे. घड्याळाकडे मी कधी पाहिलं नाही. केक झाला की वासच बाहेरच्या खोलीत येऊन मला हाक मारायचा, आणि तू लहानपणी ओव्हनच्या काचेला नाक लावून ‘आई, तो तुला बोलावतोय’ म्हणायचीस. त्या रविवारी कुणी बोलावलं नाही. मी आत कपाट आवरत बसले होते. खालच्या मजल्यावरच्या पियानोच्या बाई धापा टाकत वर आल्या आणि दार बडवायला लागल्या, तेव्हा स्वयंपाकघरात धूर आणि ओव्हनमध्ये कोळसा. बाई म्हणाल्या, अहो, जिन्यात डोळे चुरचुरायला लागले, तुम्हाला वास नाही आला? मी म्हणाले, डुलकी लागली होती. खोटं एकदा बोललं की त्याला भावंडं होतात.

त्यानंतर ग्रंथपाल बाईंच्या निरोप समारंभासाठी मी बिस्किटं केली. डोक्यात होतं, की हाताला सगळं पाठ आहे, नाक नसलं म्हणून काय झालं. प्रत्येकाने एक उचललं. कुणी दुसरं घेतलं नाही. ग्रंथपाल बाई इतक्या सभ्य, की त्यांनी उरलेलं अर्धं बिस्कीट रुमालात गुंडाळून ‘घरी चहाबरोबर खाईन’ म्हणून पर्समध्ये ठेवलं. परत येताना बाबा रस्ताभर दुकानांच्या पाट्या वाचत होते. घराजवळ आल्यावर हळूच म्हणाले, लोणी बहुतेक जरा खवट होतं. जरा! त्या दिवशी मी भांडी, साचे, मापं सगळी वरच्या फळीवर चढवून टाकली आणि जो भेटेल त्याला सांगितलं, की मला भाजण्याचा कंटाळा आला आहे. तुलाही तेच सांगितलं. तू हसलीस आणि म्हणालीस, आई, तुला? कंटाळा?

हात रिकामे राहिले की मला वेडंवाकडं सुचतं, हे तू जाणतेस. म्हणून ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बुधवारी जे विणकामाचं मंडळ बसतं, तिथे जाऊन बसले. ते चालवते एक निवृत्त परिचारिका. सगळे तिला सिस्टरच म्हणतात आणि ती सुया अशा धरते, की आपण बाही वर करून बसावं असं वाटतं. दुसरा खंदा मेंबर म्हणजे एक बसचालक, भला थोरला माणूस, तो फक्त मोजे विणतो आणि एक विणून झाला की दुसऱ्याचा कंटाळा करतो. त्याच्याकडे एकेकटे कितीतरी मोजे आहेत. लोकरीला नाक लागत नाही, बोटं लागतात, म्हणून मला ती बरी वाटली. सुलटा टाका, उलटा टाका, ओळ संपली की वळायचं. माझा पहिला मफलर सुरू झाला तेव्हा फितीएवढा होता आणि संपला तेव्हा टॉवेलएवढा. बाबा तो घालून दुकानात बसले. चष्मा करायला आलेल्या कुणीतरी विचारलं, हा असा कसा? तर म्हणाले, काय करणार, मधेच नंबर वाढला.

सिस्टरपासून मात्र लपलं नाही. तिने मला जुन्या लोकरीचा एक गुंडा दिला. तो डांबराच्या गोळ्यांत वर्षानुवर्षं पडलेला होता, बाकीच्यांनी खिडकी उघडली, आणि मी तो गालाला लावून किती मऊ आहे म्हणाले. सिस्टरने मला बाहेरच्या बाकावर नेलं आणि थेट विचारलं, कधीपासून? तिनेच मला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर तरुण आणि खरं बोलणारे निघाले. म्हणाले, तापाने वासाच्या नसा दुखावल्या आहेत, परत येतीलही, कदाचित नाही येणार. गोळी नाही, थेंब नाहीत, फक्त व्यायाम. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी अशा बरण्या करायच्या आणि सकाळ-संध्याकाळ हुंगत बसायचं, वास येवो न येवो.

आता तुझे बाबा आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत आले. घरी येऊन त्यांना सगळं सांगितलं, तर त्यांना हे काम म्हणजे पर्वणीच. माझ्या डोळ्यांवर तोच मफलर बांधायचे, बरणी नाकाखाली धरायचे आणि दुकानातल्या आवाजात विचारायचे, हे बरं, का हे? मला दोन्ही सारखीच. पण त्यांचा उत्साह बघून मी अंदाजाने ठोकून द्यायला लागले. लिंबू. गुलाब. कधी जमायचंही. एकदा मी अगदी खात्रीने लवंग म्हणाले आणि पुढे काहीच ऐकू आलं नाही. मफलर वर करून पाहिलं तर त्यांच्या हातात रिकामी बरणी. ते हसले नाहीत, रागावले नाहीत. झाकण लावलं आणि म्हणाले, उद्या परत बघू. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की हे आता असंच राहणार.

आणि मग तो मंगळवार. दुपारी मी मंद आचेवर सूप ठेवलं आणि शेजारीच खुर्ची ओढून विणायला बसले. तुझ्या बाळाच्या स्वेटरची बाही होती, आणि मला टाके कमी करत न्यायचे होते, म्हणून सगळं लक्ष सुयांवर. खिडकीतून वारा आला असेल किंवा सूप उतू गेलं असेल, ज्योत विझली. गॅस चालूच राहिला. मी मजेत गुणगुणत विणत होते. बाबा जेवायला म्हणून लवकर आले ते दारातूनच ओरडले. ठकू, इतक्या वर्षांत मी त्यांचा तो आवाज ऐकलेला नव्हता. त्यांनी बटण बंद केलं, खिडक्या सताड उघडल्या, दिव्याला हात लावू नकोस, कशालाच हात लावू नकोस, असं म्हणत मला सुया-लोकरीसकट जिन्यात ओढलं. केसाएवढे स्क्रू हलक्या हाताने चष्म्यात बसवणारा माणूस, पण माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की बोटांचे वळ उठले. आम्ही पायरीवर बसून राहिलो. ते एवढंच म्हणाले, मी आज नेहमीच्या वेळेला आलो असतो तर? दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवर गॅस सुटला की शिट्टी मारणारं यंत्र लावलं. मी ती बाही उसवून टाकली. त्या मंगळवारीच संध्याकाळी तुझा फोन आला होता. त्याचं पुढे लिहिते.

मधले काही आठवडे सांगण्यासारखे नाहीत. मी बुधवारी जायची, विणायची, बरण्या हुंगायची, गॅस स्वतः पेटवायची नाही. बाबा दुकानातून मधेच काहीतरी निमित्त काढून घरी यायचे आणि मी खोलीत आहे ना एवढं बघून जायचे. म्हणायचे, रुमाल विसरलो. एका माणसाला इतके रुमाल लागत नाहीत.

मग एका बुधवारी सिस्टरने सगळ्यांचे तयार झालेले स्वेटर एकत्र धुवायला काढले. विणून झालं की कोमट पाण्यात बुडवून, टॉवेलवर पसरून, हाताने ओढून त्यांना आकार द्यावा लागतो. खोलीत बादल्याच बादल्या. मी टाके मोजत होते आणि मोजता मोजता वैतागून म्हणाले, अहो, हा कुत्रा कुणी आणलाय आत? बसचालकाने वाकून टेबलाखाली पाहिलं. बाकीच्यांनी दाराकडे पाहिलं. सिस्टर कोपरापर्यंत पाण्यात होती, ती तशीच थांबली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, इथे कुत्रा नाही. ही ओली लोकर आहे. ओल्या लोकरीला असाच वास येतो. मग तिने निथळणारा स्वेटर उचलला, तरातरा आली आणि माझ्या नाकासमोर धरला. परत घे, म्हणाली. मी घेतला. ओल्या कुत्र्याचा, भिजलेल्या मेंढीचा, असला कुबट, घाणेरडा वास, आणि मी त्यात तोंड खुपसून बसले. पदरापासून गुडघ्यापर्यंत भिजले. हसत होते की रडत होते कोण जाणे. बसचालकाने डोळे पुसायला स्वतःचा अर्धा विणलेला मोजा पुढे केला, सुईसकट.

घरी येईपर्यंत तो वास गेला आणि मला वाटलं, भास झाला. पण चार-सहा दिवसांनी दुसरे यायला लागले, आणि सगळे चुकीचे. कॉफीला जळक्या टायरचा वास. साबणाला सडक्या कांद्याचा. बाबांच्या दाढीच्या क्रीमला तर असा काही वास यायला लागला, की मी त्यांना दाढी करून दुकानातच जा, घरात थांबू नका असं सांगितलं. बिचारे दोनदोनदा तोंड धुवायचे. मी रडकुंडीला आले, याच्यापेक्षा काहीच नसलेलं बरं होतं. डॉक्टर मात्र खूश. म्हणाले, तारा जुळायला लागल्या आहेत, सध्या चुकीच्या ठिकाणी जुळताहेत एवढंच, बरण्या सोडू नका. आणि बाबा म्हणाले, धूसर दिसतं म्हणजे दिसतंच की. आधी धूसर, मग स्वच्छ. तू फक्त डोळे मिटू नकोस. मग स्वतःच म्हणाले, म्हणजे नाक.

हळूहळू स्वच्छ झालं. लिंबू लिंबासारखं लागलं. एका सकाळी जाग आली ती कॉफीच्या वासाने, खऱ्या कॉफीच्या, आणि मी उशीवर पडूनच ओरडले, आज जास्त घातली आहे! बाबा डबा हातात घेऊनच धावत आले. त्या रविवारी मी स्टुलावर चढून साचे खाली काढले. लोणी हुंगलं, ताजं होतं. अंडी फेटली, मैदा चाळला, भांडं ओव्हनमध्ये सारलं आणि मुद्दाम बाहेरच्या खोलीत विणायला बसले. बाबांनी त्यांच्या समाधानासाठी गजर लावला होता. आधी नुसती गोड ऊब आली. मग व्हॅनिला. मी हलले नाही. मग ती कडा तांबूस व्हायला लागल्याची चाहूल, तुला माहीत आहे ती, भाजक्या साखरेची. मी उठले. गजर वाजला तेव्हा केक जाळीवर निवत होता. बाबांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. भिंगं बनवणारा माणूस, पण त्या दिवशी काच स्वच्छ व्हायलाच तयार नव्हती.

तरी ठकू, केक वेगळा आणि गॅस वेगळा. केक जळला तर पोरं हिरमुसतात, बाकी काही होत नाही. माझा स्वतःवर विश्वास बसेना. तो बसला गेल्या आठवड्यात. मी भाजी घेऊन जिना चढत होते. पियानोच्या बाईंच्या दारापाशी आले आणि पाय आपोआप थांबला. वास. तोच, जो मला त्या मंगळवारी आला नव्हता. आतून पियानो चालू होता, बाई रंगात आल्या होत्या. मी बेलकडे हात नेला आणि चटका बसावा तसा मागे घेतला, बटणाची ठिणगी उडाली तर? मग दार बडवलं. पियानो चालूच. हाका मारल्या. पियानो आणखी जोरात, नेमकं धडाडतं काहीतरी वाजवत होत्या. मी दोन्ही मुठींनी, मग चपलेने, मग पिशवीतल्या कोबीने दार ठोकलं. शेवटी पान उलटायला त्या थांबल्या आणि वैतागून दार उघडलं, अहो, काय हे! मी त्यांना काही न सांगता हाताला धरून बाहेर काढलं, श्वास रोखून आत गेले, बंद असलेलं स्वयंपाकघराचं दार उघडलं. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. बटण फिरवलं, खिडक्या उघडल्या, परत जिन्यात आले. पियानो खिडकीजवळ आणि स्वयंपाकघराचं दार लावलेलं, त्यामुळे बाईंना काही कळलंच नव्हतं. मी पायरीवर बसले आणि हुंदके द्यायला लागले. बाईंना वाटलं, घाबरले. त्याच मला थोपटायला लागल्या, आणि मी आपली एकच घोकत होते, मला वास आला हो, मला वास आला. खालून आलेल्या पोस्टमनलाही सांगितलं. तो म्हणाला, हो, मलाही येतोय.

आता तुझा तो फोन. तू विचारलंस, आई, बाळाच्या वेळी येशील ना, दोन महिने तरी राहशील ना? आणि मी म्हणाले, गुडघे दुखतात, प्रवास झेपणार नाही, बाबांच्या जेवणाचं काय. तू एवढंच म्हणालीस, बरं, बघू. परक्या माणसाशी बोलावं तशी. तेव्हापासून तू बाबांशी बोलतेस आणि मला त्यांच्याकडून कळतं. माझे गुडघे छान आहेत, ठकू. पण तू फोन केलास तेव्हा मी नुकतीच त्या जिन्यातून घरात आले होते. मला दिसत होतं, की तू दमून झोपली आहेस, बाळ माझ्याजवळ आहे, शेगडीवर काहीतरी आहे, आणि मी मजेत विणत बसले आहे. गॅससाठी यंत्र मिळतं. बाटलीतलं दूध नासलं, कुठे वायर जळायला लागली, बाळ फणफणून त्याच्या श्वासाचा वास बदलला, यासाठी कोण शिट्टी मारणार? खरं सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, काही होत नाही, ये. आणि मी आले असते. म्हणून सांगितलं नाही. काल डॉक्टरांनी सगळ्या बरण्या तपासून मला सोडलं, म्हणाले, आता येऊ नका. बाबांना मी बजावलं आहे, की तिला फोनवर काही बोलू नका, हे मलाच लिहायचं आहे. मधल्या काळात तुझ्या सासूबाईंनी यायचं ठरवलं असेल, तर त्यांना मुळीच नाही म्हणू नकोस, मी त्यांच्यानंतर येईन किंवा त्यांच्या हाताखाली राहीन. तिकीट अजून काढलेलं नाही. तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हणाले होते, म्हणून आता विचारायची पाळी माझी आहे. मी येऊ का गं?

तुझीच,
आई